तिच्या वाट्याचं तिच्यापर्यंत

पहिला पाऊस पडला की आमच्या रायगडच्या बाजारात शेवळं येतात. रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून कातकरी बायका बसतात. शेवळांच्या जुड्या, सोबत मूठभर काकडं, एखादीकडे बांधलेल्या चिंबोऱ्या. आपण भाव विचारतो, पाच-दहा रुपये कमी करून घेतो आणि पुढं जातो.

परवा तिथंच आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "यांना काय कमी आहे हो? घर फुकट, धान्य फुकट. सरकार देऊन देऊन थकलं, पण हे काही सुधारत नाहीत."

खरं सांगते मैत्रिणींनो, पूर्वी मीही असंच बोलायची. या वेळी मात्र समोरच्या बाईलाच विचारलं, "बाय, घरकुल मिळालं का गं?"

ती हसली. म्हणाली, "घर बांधू कुठं ताई? वाडी शेटच्या जागेत हाय."

मग थोडी माहिती घेतली. देशात ७५ आदिवासी गट सर्वांत दुर्बळ मानले आहेत. त्यातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन महाराष्ट्रातले. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला, बिरसा मुंडा यांच्या जयंतीला, 'पीएम जनमन' योजना सुरू झाली. पक्कं घर, नळाचं पाणी, रस्ता, वीज, अंगणवाडी, फिरता दवाखाना अशी तिची कामं. तीन वर्षांसाठी सुमारे २४ हजार कोटी रुपये ठरले. घरासाठी २ लाख. म्हणजे सरकारनं दिलं नाही, असं नाही.

पण घराला पैसे असले तरी पायाखाली जागा हवी ना? कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. दाखल्याचंही तेच. जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात. ज्यांचे आजे-पणजे काथ आणि कोळसा पाडत रानोमाळ हिंडले, शाळेची पायरी चढले नाहीत, त्यांनी तो आणायचा कुठून? आपल्याला साधं रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचं तर चार खेपा पडतात. तिची एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली.

दाखले, आधार कार्डं देण्यासाठी शिबिरं झाली, ही चांगलीच गोष्ट. पण योजनेची पहिली मोठी मोहीम निघाली २५ डिसेंबर २०२३ ला. दिवाळीनंतर वाडीत असतं कोण? मालकाकडून उचल घेऊन अख्खं कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर गेलेलं असतं. परततात ते पावसाच्या तोंडावर. पुढं २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा मोहीम झाली. वाडीत माणसं भेटायची वेळ तीच.

बाईची तर आणखी ओढाताण. गरोदर असली तरी तिला भट्टीवर जावंच लागतं. आदिवासी भागात गरोदर आणि बाळंतिणीसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. अंगणवाडीत एक वेळचं चौरस गरम जेवण मिळतं. पण ताट वाडीत आणि ती भट्टीवर! आपल्या लेकीला सातव्या महिन्यात आपण जड बादली उचलू देत नाही. ही मात्र डोक्यावरून विटा वाहते.

म्हणून मला वाटतं, नवनव्या योजनांपेक्षा आहे तेच तिच्या पावलांनी चालायला हवं. आधी राहत्या जागेचा कागद तिच्या नावावर करा, मग घर. शिबिरं पावसाळ्यात, वाडीतच भरवा. आणि हिवाळ्यात अंगणवाडीचं ताट भट्टीपर्यंत जाऊ द्या.

हे सरकारनं करावं. पण आपलं काहीच नाही का? आपल्यातल्या कुणी अंगणवाडीत आहेत, कुणी ग्रामपंचायतीत सदस्य, कुणी बचत गटात. कुणाच्या घरच्या वीटभट्ट्याही असतील. ग्रामसभेत वाडीच्या जागेचा विषय काढणं, कुणाचा अर्ज भरून देणं, भट्टीवरच्या गरोदर बाईचं नाव जवळच्या अंगणवाडीत घालणं, यात आपलं काय जातं?

त्या दिवशी वहिनींनी जुडी घेतली, भाव न करता. एवढ्यानं काही तिचं घर उभं राहणार नाही. पण "हे सुधारत नाहीत" म्हणण्याआधी निदान एकदा तिच्यासमोर बसून विचारावं. उत्तर तिच्याकडेच असतं.