वावर, प्लॉट आणि ग्रामीण साहित्याची समीक्षा

ग्रामीण साहित्याच्या आपल्या चर्चेत जमीन बहुधा 'काळी आई' म्हणून येते आणि ती हातची गेली की शोकांतिका घडते, असा एक संकेत रूढ झाला आहे. बुलडाणा जिल्ह्यातील अलीकडच्या घडामोडी पाहता तो पुन्हा तपासून घेतला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग मेहकर व सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मार्गालगत कृषी समृद्धी केंद्रे, म्हणजेच नवनगरे, वसविण्याच्या योजनेत सिंदखेडराजा तालुक्यातील सावरगाव माळचा समावेश झाला. पुण्या-नाशिकभोवती शहर वावरावावराने गावात शिरले. येथे ते आधी नकाशावर उमटले. २०१६ मध्ये जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देऊ करण्यात आले. पुढे सरळ खरेदीचा मार्ग खुला झाला.

वऱ्हाडी बोलीत शेताला 'वावर' म्हणतात आणि दोन वावरांमधल्या बांधाला 'धुरा'. धुऱ्यावरून सख्ख्या भावांत पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. सोयरीक जुळवतानाही 'वावर किती?' असे विचारले जाते. प्लॉट मात्र चौरस फुटांत मोजला जातो, आणि त्याची ओळख म्हणजे एक क्रमांक. मूल्यसंघर्षाची पहिली खूण अशी शब्दसंग्रहातच दिसते.

तथापि, जमीन विकणारा हा मूल्यभ्रष्ट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. याच जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या कादंबरीने (२००२) शिकलेल्या शेतकरीपुत्राची कोंडी पुरेशा निष्ठुरपणे मांडली आहे. कोरडवाहू सोयाबीन-कपाशीवर कर्ज फिटत नसताना एकरकमी मोबदला नाकारणे सोपे नाही. (दरमहा वेतनाची हमी असलेल्या आम्हा प्राध्यापकांची हळहळ त्या मानाने फार स्वस्त असते.) विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'तील (१९९१) धरणग्रस्तांवर विस्थापन लादले गेले होते, येथे खरेदीखतावर सही स्वतःची आहे. संमतीतून आलेल्या या तुटलेपणाचे आकलन करण्यास शोकांतिकेचा जुना साचा अपुरा पडतो.

आणखी एक बाब अधिक गंभीर आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेल्या शेतमजूर व वाटेकरी यांनाही बाधित कुटुंबांत गणले. सरळ खरेदीचा व्यवहार मात्र खातेदाराशी होतो. मक्त्याने वा बटईने वावर वाहणारा माणूस, त्याच वावरात निंदण-सोंगणीला येणारी बाई, यांचा जमिनीशी असलेला संबंध मालकाइतकाच जुना असू शकतो. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते. आणि खेदाने नमूद करावे लागते की, 'काळ्या आई'विषयीच्या आपल्या समीक्षेतही ते क्वचितच आढळते.