लंडनच्या पलीकडे पाहा

पुण्या-नाशिकची मुलं इथे एमएससीला येतात आणि विचारतात, "ताई, नोकरीसाठी लंडनच ना?" मी लीड्समध्ये सॉफ्टवेअरचं काम करते. माझा सल्ला एकच: आधी काम ठरवा, मग शहर.

जाहिराती लंडनमध्ये जास्त, पण रांगही तिथेच. चिप डिझाइन करायचंय? आर्मचं मुख्यालय केंब्रिजला आहे. बँकिंग तंत्रज्ञानासाठी ग्लासगोत जेपी मॉर्गनचं मोठं केंद्र, हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी न्यूकॅसलची सेज. मँचेस्टरला गुप्तचर संस्था जीसीएचक्यूचं कार्यालय आहे, पण तिथे ब्रिटिश नागरिकत्व लागतं. त्या अर्जात वेळ घालवू नका.

लंडनबाहेर पगार कमी, पण घरभाडंही बरंच कमी. खरी अडचण व्हिसाची. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी नवोदितांना वर्षाला किमान ३३,४०० पौंड लागतात. त्या व्यवसायाच्या ठरलेल्या दराचे ७० टक्के याहून जास्त असतील, तर तेवढे. ही अट लंडन आणि न्यूकॅसलला सारखीच. स्थलांतर सल्लागार समितीने २०२० मध्ये प्रदेशनिहाय वेगळी मर्यादा नको म्हटलं. मला ते पटत नाही. एकीकडे उत्तरेचा विकास म्हणायचं आणि दुसरीकडे तिथल्या छोट्या कंपन्यांना नवे हात परवडू द्यायचे नाहीत!

त्यात १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधर आणि एमएससीवाल्यांचा, शिक्षणानंतर इथे राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचा होणार. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: नवोदितांना स्पॉन्सर करता का? गुळमुळीत उत्तर आलं, तर तो नकारच समजा.