दारूबंदीचा कायदा आणि संभाजीनगरची रात्र

१/ छत्रपती संभाजीनगरात बारविषयी वाद पेटला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ही आपली संस्कृती नव्हे.’ हे वाक्य उच्चारणाऱ्यांनी मराठवाड्याच्या अबकारीचा इतिहास एकदा तरी चाळावा. बार नवे असतील. दारूवर पोसलेले सरकार येथे मुळीच नवे नाही.

२/ १९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या अमलात होते. अबकारी हा त्या राजवटीच्या उत्पन्नाचा मोठा आधार. शिंदी आणि मोहाच्या दारूचे मक्ते लिलावाने दिले जात. मक्ता म्हणजे गुत्ता. (मराठवाड्यात कंत्राटदार आजही ‘गुत्तेदार’च आहे, मग काम रस्त्याचे असो वा नालीचे.)

३/ म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी करोडगिरी नाक्यांबरोबर शिंदीची झाडेही लक्ष्य केली. त्या कुऱ्हाडीमागे व्यसनमुक्तीचा विचार असेलही. पण घाव निजामाच्या तिजोरीवर होता. दारू आणि सत्ता यांचे नाते त्या पिढीला नेमके कळले होते. पुढच्या पिढ्यांनी ते सोयीस्करपणे विसरले.

४/ १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे येथेही लागू झाला. त्या कायद्याच्या नावात आजही ‘दारूबंदी’ आहे. त्याच कायद्याखाली बारला परवाना मिळतो, बाटलीवर शुल्क आकारले जाते आणि पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना! बंदीच्या नावाने विक्रीची इतकी नेटकी व्यवस्था क्वचितच कोठे असेल.

५/ आणि शहराच्या वेशीवर वाळूज. येथील औद्योगिक वसाहतीत देशातल्या नामांकित बिअर कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. त्यांना पाणी जायकवाडीचे. त्याच जलाशयाकडे डोळे लावून बसलेल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. ‘संस्कृती’चा प्रश्न या जलवाहिनीपाशी कधी उपस्थित होत नाही.

६/ एप्रिल २०१६ हा महिना विशेष अभ्यासावा. मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवले जात होते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ५० टक्के आणि १० मे पासून ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. जे शासनाने स्वतःहून करायला हवे होते, त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

७/ त्याच एप्रिलमध्ये विधिमंडळ कशात मग्न होते? डान्सबारसाठी नवा कायदा एकमताने मंजूर करण्यात. नर्तिका नाचते त्या खोलीत मद्य नको, शाळा वा प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटर अंतर हवे, आत कॅमेरे हवेत. ज्या महिन्यात घागरीचा प्रश्न होता, त्या महिन्यात घुंगरांवर एकमत झाले.

८/ या प्रकरणाची सुरुवात २००५ ची. तेव्हाच्या बंदीतून तारांकित हॉटेले आणि जिमखाने वगळले होते. म्हणजे नृत्य तेच, मद्य तेच; अश्लीलता मात्र खुर्चीच्या भाड्यावर ठरणार. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. २०१४ मध्ये शासनाने सवलत काढून सरसकट बंदी आणली, तीही सभागृहात चर्चा न करता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या कायद्यातील अनेक अटीही रद्द ठरवल्या. या चौदा वर्षांत गल्ल्यावर बसणारा तगला. नाचणारीचा पोटापाण्याचा मार्ग बंद झाला, आणि तिच्या पुनर्वसनाच्या घोषणा घोषणाच राहिल्या.

९/ ‘म्हणजे दारूचे समर्थन?’ असा प्रश्न येईलच. दारूने संसार उद्ध्वस्त होतात, हे मराठवाड्यातील बायांना कोणी शिकवण्याची गरज नाही. गावोगावी ‘आडव्या बाटली’साठी त्याच उभ्या राहिल्या. त्यांची लढाई खरी आहे. म्हणूनच त्यांच्या वाटेत शासनाने कोणती अट ठेवली, ते पाहण्यासारखे आहे.

१०/ आमदाराला निवडून यायला झालेल्या मतांपैकी सर्वाधिक मते पुरतात, मग ती तीस टक्के का असेनात. दुकान बंद करायला मात्र नोंदणी असलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडावी लागतात. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, नवऱ्याने घराबाहेर पडू न दिलेली, या प्रत्येकीचे न पडलेले मत दुकानदाराच्या खात्यात जमा होते.