डोळ्यांदेखत

अकरावीच्या मानसशास्त्राच्या वर्गात दरवर्षी मी एक साधा प्रयोग करून घेते. वहीच्या पानावर डावीकडे एक फुली काढायची, तिच्यापासून चार बोटं उजवीकडे एक ठसठशीत ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फुलीकडेच बघत राहायचं आणि वही हळूहळू जवळ आणायची. फूटभर अंतरावर कुठेतरी ठिपका नाहीसा होतो. "मॅडम, गेला!" असा गलका उठतो. दृष्टीची नस डोळ्याच्या पडद्यातून जिथून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. फ्रान्सच्या मारिओतने हे सतराव्या शतकातच दाखवून दिलं होतं. मी मुलांना थांबवते ती पुढच्या प्रश्नावर. ठिपक्याच्या जागी काय दिसलं? भोक दिसलं का? नाही. तिथे कागदच दिसला, वहीची रेघही सलग दिसली. डोळ्याला जे दिसलं नव्हतं ते मेंदूने भरून काढलं, आणि आपल्याला पत्ताही लागू दिला नाही. इंद्रियांनी आत पाठवलं ते वेदन. मेंदूने त्याचा अर्थ लावला ते संवेदन.

सोळा वर्षांच्या मुलांना हे चटकन कळतं. माझी तक्रार मुलांबद्दल नाही, पाठ्यपुस्तकाबद्दलही नाही. ती तुमच्याबद्दल आणि माझ्याबद्दल आहे. हे ज्ञान उत्तरपत्रिकेत उतरलं तर आपण गुण देतो. तेच मूल ते घेऊन घराचा उंबरा ओलांडू लागलं की त्याचं तोंड दाबतो.

एकदा तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. पहाटे जाग येते, खोली दिसते, पण हात हलत नाही, ओरडायला आवाज फुटत नाही, आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. घरच्यांनी तिला देवऋषीकडे नेलं होतं. दोरा बांधला, अंगारा लावला, संध्याकाळनंतर घराबाहेर पडणं बंद केलं. मी तिला झोपेचं चक्र फळ्यावर काढून दाखवलं. डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप १९५३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी नोंदवली. स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात, आणि आपण स्वप्नात धावू नये म्हणून त्या वेळी शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. कधीकधी जाणीव आधी परत येते, स्नायूंची ताकद काही क्षण मागे राहते, आणि अर्धं स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर रेंगाळतं. ती फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी वाईट नाही ना, मॅडम?"

आपण त्या पोरीला काय केलं होतं, ते या एका प्रश्नात आहे. तिच्या घरात पदवीधर माणसं होती. तिने हे घरी सांगितलं तेव्हा तिला ऐकावं लागलं की चार बुकं शिकलीस म्हणून मोठ्यांना शिकवू नकोस. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळदंडाने बांधणं, चाबकाने मारणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. कायदा झाला, पण सुशिक्षित घरातला दोरा सुटलेला नाही.

आणि हे घरापुरतं थांबत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात रायनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मुलं पळवणारी म्हणून जमावाने धरली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारली. त्या काळात देशभर मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली. मूळ फितीत ते मूल लगेच परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. बघणारा मात्र म्हणत होता, मी डोळ्यांनी पाहिलं.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं अफवांवरचं पुस्तक १९४७ चं. त्यांनी एक चित्र दाखवलं: रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस, गोऱ्याच्या हातात वस्तरा. पाहणाऱ्याने वर्णन दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. निम्म्याहून अधिक वेळा, कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर, वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. वस्तरा कोणाच्या हातात 'असायला हवा', हे त्यांच्या समाजाने आधीच ठरवून ठेवलं होतं. आपणही ठरवून ठेवलेलं आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून कित्येक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का आपल्या नजरेत राहिला. खांद्यावर झोळी, अंगावर मळके कपडे, बोली वेगळी, एवढं दिसलं की उरलेलं आपला मेंदू भरून काढतो, वहीवरच्या त्या रेघेसारखं. आडनाव ऐकून माणूस ओळखणारे, भाड्याचं घर देताना जात विचारणारे आपण रायनपाड्याच्या जमावापेक्षा वेगळ्या डोळ्यांनी बघत नाही.

यात माझाही वाटा आहे. त्या जुलैत मी वर्गात संवेदनाची व्याख्या लिहून देत होते. रायनपाड्याचं नावसुद्धा काढलं नाही. विषय सोडून होईल, पालकांची तक्रार येईल, अशी भीती वाटली. साठ मुलांनी व्याख्या उतरवून घेतली. पाच माणसं का मेली, हे समजायला लागणारं सगळं त्या धड्यात होतं, आणि मी तो मुक्याने शिकवला. आता दर जुलैत तो तास मी रायनपाड्यापासूनच सुरू करते.

तुमच्या घरातलं मूल अकरावीला मानसशास्त्र घेतो म्हणालं, तर "त्याने पोट भरतं का" असं विचारून त्याला गप्प करू नका. त्याला एक वही मागा, फुली आणि ठिपका काढायला सांगा, आणि आधी तुम्ही स्वतः डावा डोळा झाका.