सिकलसेल : ‘चारात एक’चा हिशेब

आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. समुपदेशनात हे हमखास सांगितले जाते. घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलतो : ‘एकाला झाला, पुढची तिघे सुटली.’ तसे नसते. प्रत्येक गरोदरपणात चारात एक ही शक्यता नव्यानेच असते.

दुसरी चूक मोजणाऱ्यांची. धारणी-चिखलदऱ्याहून अमरावतीला किंवा अकोल्याला उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या घरची भावंडे मोजली, की आजाराचे प्रमाण भलतेच फुगते. समजा, वाहक जोडप्यांची, प्रत्येकी दोन मुलांची 16 घरे आहेत. सरासरीने 9 घरांत कोणीच आजारी नाही, 6 घरांत एक, तर एका घरात दोघेही. दवाखान्याला दिसतात ती 7 घरे : 14 मुलांत 8 आजारी, म्हणजे 57 टक्के! उरलेली 9 घरे दवाखान्याची पायरी चढलेलीच नाहीत.

जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी 1912 मध्ये यावर उपाय सांगितला. ज्या रुग्णामुळे घर सापडले त्याला वगळा, फक्त त्याची भावंडे मोजा. दोघे आजारी असलेले घर दोनदा येईल. मग 8 भावंडांत 2 आजारी; पुन्हा चारात एक.

आजारी भावंडांच्या जोड्यांवरून जनुकाची जागा शोधणारे अभ्यासही अशाच गृहीतकांवर उभे असतात. सख्ख्या भावंडांना गुणसूत्रावरील एखाद्या जागी आई-वडिलांकडून दोन्ही प्रती सारख्या मिळण्याची शक्यता पाव, एकच सारखी मिळण्याची निम्मी, एकही नाही याची पाव. आजारी जोड्यांत याहून जास्त साम्य दिसले, तर जनुक जवळपास आहे असे मानतात. पण यात आई-वडील एकमेकांचे नातलग नाहीत, हे धरलेले असते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आहे. तिथे नात्यामुळे आलेले साम्य आजाराच्या खात्यावर चढते.

म्हणून तपासणीच्या नोंदीत निरोगी भावंडे आणि आई-वडिलांचे नाते हे दोन्ही रकाने हवेतच. वाहक जोडप्याचे निरोगी मूल स्वतः वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. 2047 पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर रुग्णाच्या धडधाकट भावाचे आणि बहिणीचे रक्त लग्न ठरण्याआधी तपासले गेले पाहिजे.