चाकांवरचे घर : मधल्या आकाराचे आकर्षण, हप्त्यांचे ओझे

कोरोनाच्या साथीत विमाने जमिनीवर आली आणि हॉटेले ओस पडली, तेव्हा असंख्य अमेरिकी कुटुंबांनी चाकांवरच्या घराचा रस्ता धरला. २०२१ मध्ये तेथील कारखान्यांतून ट्रेलर व मोटारहोम मिळून ६ लाखांहून अधिक वाहने बाहेर पडली. २०२३ मध्ये हीच संख्या ३ लाख १३ हजारांच्या आसपास घसरली. हौस एकाएकी ओसरली, असा याचा अर्थ नव्हे. तिचे गणित बदलले.

हे गणित मध्यम आकाराच्या मोटारहोममध्ये स्पष्ट दिसते. अमेरिकेत 'ए' वर्ग म्हणजे बस वा ट्रकच्या सांगाड्यावरचा, ४५ फुटांपर्यंतचा चालता बंगला. 'बी' म्हणजे व्हॅनमध्येच मांडलेला संसार. अक्षरक्रमात शेवटचा असला तरी आकाराने मधला आहे तो 'सी' वर्ग. फोर्ड ई-४५० किंवा मर्सिडीझ स्प्रिंटरसारख्या वाहनाची केबिन कायम ठेवून तिच्यामागे साधारण २० ते ३२ फुटांचे घर बांधले जाते. केबिनवर पुढे झुकलेली झोपण्याची जागा ही त्याची खूण.

या वर्गाचे आकर्षण व्यवहारी आहे. मुलाबाळांसह कुटुंब त्यात झोपू शकते, ओटा आणि शौचालय सोबत असते, तरीही ते चालविण्यास बहुतेक राज्यांत साधा परवाना पुरतो. राष्ट्रीय उद्यानांतील अनेक जुने तळ आखले गेले तेव्हा एवढी मोठी वाहने नव्हती. तेथे लांबीची मर्यादा असते. अजस्र 'ए' वर्ग अडतो, तेथे लहान 'सी' शिरकाव करतो. भाड्याने वाहने देणाऱ्यांची पसंतीही याच वर्गाला आहे.

मात्र, ही सोय स्वस्त नाही. एका लिटरला चार-पाच किलोमीटर धावणारे हे वाहन बहुधा दीर्घ मुदतीच्या कर्जावर घेतले जाते. झोपणे, स्वयंपाक व शौचालयाची सोय असल्यास करकायदा त्याला 'घर' मानून व्याजावर सवलतही देऊ शकतो. पण घराप्रमाणे त्याची किंमत वाढत नाही, घटत जाते. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला आणि हप्ते जड झाले.

त्याची झळ खरेदीदारापुरती राहत नाही. या उद्योगाची राजधानी असलेल्या इंडियानातील एल्कहार्ट परिसरात २००९ च्या मंदीत बेकारी २० टक्क्यांच्या घरात गेली होती. हौशीची वस्तू सर्वांत आधी वगळली जाते आणि तिची किंमत कामगार मोजतो.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आहे. अमेरिकेचा अनुभव सांगतो, की गाडी हा या पर्यटनाचा अर्धाच भाग आहे. रात्रीचा सुरक्षित तळ, पाणी, वीज आणि सांडपाण्याची व्यवस्था हा दुसरा अर्धा. तो नसेल, तर चाकांवरच्या घराला उभे राहायलाच जागा उरणार नाही.