आठ सदनिकांची पळवाट

इंदापुरात नवे घर घेणारा माणूस बहुधा साखर कारखान्यातला कामगार, एसटीचा कंडक्टर किंवा प्राथमिक शिक्षक असतो. भविष्य निर्वाह निधीतली उचल आणि पतसंस्थेचे कर्ज यांवर तो सदनिकेचा इसार भरतो. इमारत तेव्हा कागदावरच असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने असा माणूस केवळ ग्राहक नसतो. तो बिल्डरचा सावकार असतो, आणि तोही बिनव्याजी व बिनतारणी. भांडवल श्रमिकाचे, जोखीम श्रमिकाची, नफा तेवढा दुसऱ्याचा!

हे ओळखूनच संसदेने 2016 साली ‘रेरा’ कायदा केला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी, नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक पैसे घेऊ नयेत, ताबा लांबल्यास व्याज द्यावे, बांधकामातील दोषांची पाच वर्षे जबाबदारी घ्यावी, अशी बंधने त्याने घातली. 2017 पासून महाराष्ट्रात त्यासाठी ‘महारेरा’ हे प्राधिकरण आहे.

परंतु याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक सूट आहे. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा असेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी आवश्यक नाही. पाच गुंठे म्हणजे सुमारे 506 चौरस मीटर. तालुक्याच्या गावी चार-साडेचार गुंठ्यांवर उभी राहणारी इमारत या सुटीत अलगद बसते. मुंबई-पुण्याच्या टोलेजंग संकुलातील ग्राहकाला संरक्षण आणि लहान गावातील कामगाराला मात्र बिल्डरचा शब्द, असा हा न्याय आहे.

लहान व्यवहार ओळखीचे असतात, तेथे फसवणूक कशी होईल, असे कोणी म्हणेल. वस्तुतः ओळख हीच तेथील अडचण होय. बिल्डर भावकीतला वा गावच्या राजकारणातला असला, की लेखी करार मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे ठरते. पावतीही मग संकोचापोटी मागितली जात नाही.

ग्राहक अगदीच निराधार आहे, असे मात्र नाही. महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका कायद्यानुसार किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम नोंदणीकृत करारापूर्वी घेता येत नाही, आणि त्या रकमेचे खाते वेगळे ठेवावे लागते. उल्लंघनास शिक्षाही आहे. उणीव आहे ती देखरेख करणाऱ्या यंत्रणेची. जिल्हा ग्राहक आयोग पुण्यात, म्हणजे इंदापूरपासून सव्वाशे किलोमीटरहून दूर. रोजंदारी बुडवून तेथवर किती जण जाणार?

ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार ‘रेरा’नेच राज्य सरकारला दिला आहे. त्यासाठी नवा कायदा नको, सरकारची इच्छा हवी. ती नसेल तर जनमताच्या रेट्याने निर्माण करावी लागेल. तोवर कार्यकर्त्यांनी गावोगावी एकच गोष्ट सांगत राहावी: आधी नोंदणीकृत करार, मग पैसा. घामाचा पैसा शब्दावर सोडणे हा भाबडेपणा होय, आणि भाबडेपणाची किंमत आजवर नेहमी श्रमिकानेच चुकवली आहे.